चकाशेजारची वीत

"मला लांब बार द्या," तो म्हणाला.

मी वहीतून मान वर काढली. चाचणीसाठी दिलेला लोखंडी बार त्यानं टेबलावर परत आणून ठेवला होता.

"का? ह्याला काय झालं?"

"झालं काय न्हाई. आखूड हाय."

"अकरा जणांनी ह्याच मापाचा बार घेऊन काम केलंय."

"त्यातली किती पास झाली?"

ड्रिल मशीनवरचा नेमगोंडा खाली मान घालून हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तसं त्याचं ड्रिल पुन्हा सुरू झालं. समोरचा माणूस मात्र हसत नव्हता. तिशीचा, काटकुळा, बाह्या दुमडलेला चौकडीचा शर्ट. नाव दस्तगीर शिकलगार. काखेत एक पत्र्याची चपटी डबी होती, तेवढीच.

"दे रे सदा त्याला लांब बार," मी म्हणाले. "बघूया तर खरं."

ही शहाण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. शिरोलीला आमचा छोटा कारखाना होता, अजूनही आहे. तो उभा केला माझ्या वडिलांनी, दत्तोबा लोहारांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचे डोळे साखरेनं अधू झाले आणि दोन वर्षांपूर्वी कारखाना माझ्या हातात आला. मी एकतीस वर्षांची होते आणि सहा गडी माझ्या हाताखाली होते. बाईमाणसाचं कोण ऐकणार, असं सगळ्यांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून चढ्या आवाजात बोलायला लागले. पुढे पुढे मला दुसरा आवाजच राहिला नाही.

आमची कामं होती ढोबळ. ट्रॅक्टरच्या पिना, बुश, असलंच. तीही कमी होत चालली होती. तेवढ्यात एका पंपाच्या कंपनीनं चाळीस शाफ्टचा नमुना मागितला. महिनाअखेर द्यायचे, पास झाले तर कायमचं काम, नाहीतर ते बेळगावला जाणार. अट एकच होती. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा जाड हवा, फरक एका शतांश मिलिमीटरच्या आत. डोक्यावरच्या केसाचे उभे सात भाग केले तर त्यातला एक, एवढाच फरक चालेल. हे काम हातचं गेलं तर वर्षाच्या आत शटर ओढावं लागणार, हे मला माहीत होतं. गड्यांनाही माहीत होतं. आणि आमचा लेथ चालवणारा गडी तर दिवाळीतच पुण्याला निघून गेला होता.

म्हणून फाटकावर पाटी लावली, 'कुशल लेथ ऑपरेटर पाहिजे. चाचणी घेतली जाईल.' लेथ म्हणजे ज्यात लोखंडी बार गरगर फिरतो आणि बाजूनं सरकणारी टोकदार पाती त्याला तासत जाते, ते मशीन. बार जिथं पकडतात त्याला चक म्हणतात, आणि पाती ज्या लोखंडी रुळांवरून सरकते त्याला बेड. आमची लेथ अण्णांनी सत्त्याहत्तर साली घेतलेली, कारखान्यातली पहिली. तिला रोज सकाळी हार-उदबत्ती असायची.

अकरा जण आले. अकराही जणांचा तुकडा चकाच्या बाजूला दोन-तीन शतांश जाड आला. मी प्रत्येकाचा पाणउतारा केला. एकाला म्हटलं, उसाच्या गुऱ्हाळात जा, तिथं असलंच माप चालतं. एकाचं सर्टिफिकेट मी त्याच्यासमोर उलटं धरून वाचलं. अकरावा तर साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा होता. त्याच्याकडून माझी आशा जास्त होती, म्हणून रागही जास्त आला. सगळ्या शॉपला, म्हणजे मशिनांच्या अख्ख्या शेडला, ऐकू जाईल असं म्हणाले, "आजोबा, हात गेला तुमचा. आता घरी बसून नातवंडं सांभाळा." त्यानं तुकडा टेबलावर ठेवला, फडक्याला हात पुसले आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला त्या वेळी वाटलं, आपण फार कणखर आहोत.

दस्तगीरनं लांब बार चकात पकडला, दुसऱ्या टोकाला आधार दिला आणि लगेच मशीन सुरू केलं नाही. बेडवर तळहात ठेवून तो चकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मग परत आणला. चकाशेजारी हात जरा थांबला, बोटं बेडखालून फिरून आली.

"गाय घ्यायला आलायस काय रे? पाठ चोळतोयस ती!" मी म्हणाले.

"गाय घेताना तर सगळीच बघत्यात, ताई," तो म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

चकाशेजारची वीतभर जागा त्यानं तशीच सोडली. त्याच्या पुढं काम केलं. पातीखालून छिलका एकसारखा, न तुटता येत होता. शेवटचा हात मारताना तर तो आवाज ऐकून सदानं आपलं मशीन बंद केलं. मग दस्तगीरनं डबी उघडली. आत हातरुमालात गुंडाळलेला, जाडी मोजायचा जुना मायक्रोमीटर होता, धरून धरून गुळगुळीत झालेला. त्यानं मोजलं नाही. माझ्यापुढं केला.

मी माझ्याच मायक्रोमीटरनं मोजलं. या टोकाला, मध्ये, त्या टोकाला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. सगळीकडे एकच माप.

"अण्णा!" मी केबिनकडे तोंड करून ओरडले. "मिळाला! गडी मिळाला!" मग त्याच्याकडे वळले. "उद्या सकाळी आठला ये. पगाराचं आत बसून बोलू."

तो मायक्रोमीटर रुमालात गुंडाळत होता. "मला नोकरी नको, ताई."

"काय?"

"मी उद्यमनगरात कामाला हाय. बरं चाललंय माझं."

"मग इथं काय तमाशा बघायला आला होतास?"

"बघायलाच आलतो. बघितलं. येतो मी."

मी सरळ जाऊन फाटकात उभी राहिले. शॉपमधली सगळी मशिनं एकेक करत थांबली. वीस दिवसांत चाळीस शाफ्ट द्यायचे होते, ते करू शकणारा जिल्ह्यातला एकमेव माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याला असा सोडणार नव्हते.

"कारण सांगितल्याशिवाय मी हलणार नाही," मी म्हणाले.

"मशीनला खोट हाय," तो हळू आवाजात म्हणाला.

"खोट? मग तुझा तुकडा बरोबर कसा आला?"

"खोट सोडून पुढं काम केलं म्हणून आला. तेवढ्यासाठी लांब बार मागितला. पण रोजचं काम असं हुयाचं न्हाई, लोखंड निम्मं वाया जाईल."

"कसली खोट? कशानं?"

त्यानं एकदा लेथकडे, तिच्यावरच्या हाराकडे बघितलं. "कशानं ते तुम्हीच बघा. माझ्या तोंडून बरं दिसायचं न्हाई. मी मुसलमान माणूस, उगंच कोण काय अर्थ काढायचं."

"अर्थ काढायचा तो मी काढीन. दाखव."

त्यानं पोलादी पट्टी मागितली आणि बॅटरी. पट्टी बेडवर उभी ठेवली आणि मला वाकून बघायला सांगितलं. पट्टीच्या पलीकडून त्यानं बॅटरी धरली. सगळीकडे पट्टी बेडला घट्ट चिकटून होती. फक्त चकाशेजारी, वीतभर, पट्टीखालून उजेड येत होता. दोऱ्याएवढा बारीक. तिथं बेड झिजून खोलगट झाला होता. पाती तिथं आली की खाली बसायची आणि तुकडा जाड राहायचा. कुणीही चालवली असती तरी राहिलाच असता.

"आता बेडच्या खाली हात घाला," तो म्हणाला. "त्याच जागी."

मी हात घातला. तेलाचा चिकट थर लागला. त्यात काहीतरी केसाळ होतं. ओढून काढलं. उजेडात बघितलं तर नारळाची शेंडी, तेलात भिजून काळी झालेली.

मला सगळं एका क्षणात समजलं आणि मी तशीच उकिडवी बसून राहिले. दर खंडेनवमीला आमच्याकडे मशिनं पुजत. बाकीच्या मशिनांना नुसतं हळदकुंकू, पण नारळ फोडायचा तो ह्या लेथच्या बेडवर, चकाशेजारी. अण्णांनी पहिल्या वर्षी तसा फोडला म्हणून दर वर्षी तसाच, त्याच जागी. पूजा झाल्यावर दसरा उलटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. त्यामुळे नारळाचं पाणी दोन-दोन दिवस तिथंच मुरायचं. कामाच्या दिवशी बघावं तर गंजाचा तांबेरा चढलेला असायचा. मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन ती जागा घासघासून चकचकीत करायचं. देवाचं मशीन चमकायला हवं म्हणून जरा जास्तच घासायचं. अशी एकोणीस वर्षं. ढोबळ कामात ते कधी कळलंच नाही. शेवटची दोन वर्षं तर नारळ मी फोडला होता. घरातल्या बाईनं मशीनवर नारळ फोडला म्हणून मी केवढी मिरवले होते!

"तुला हे न बघताच माहीत होतं," मी दस्तगीरला म्हणाले. "येतानाच तुला माहीत होतं."

"खोट हाय एवढं माहीत हुतं. कशाची ते इथं आल्यावर कळलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई." त्यानं ती पत्र्याची डबी दोन्ही हातांत धरली. "मागल्या बेस्तरवारी केरबा संकपाळ आलते तुमच्याकडं. पांढऱ्या मिशा. माझे वस्ताद हायती ते. त्यांच्या हाताखाली मी सोळा वर्षं काढली. घरी आले, हा मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, घे, मला आता ह्याचं काम न्हाई, तुकडा चकाशेजारी जाड आला, हात गेला म्हणाली मालकीण. तवापास्नं घरातनं बाहेर पडलेले न्हाईत. हात गेला हे मला पटना, ताई. म्हणून आलो."

अण्णा केबिनच्या दाराला धरून उभे होते. त्यांना नीट दिसत नसलं तरी ऐकू सगळं गेलं होतं.

"नारळाला बोल लावू नको, मंगल," ते म्हणाले. "त्या मशीननं तुला वाढवलंय."

"नारळाला नाही लावत, अण्णा. आपल्याला लावते," मी म्हणाले आणि दस्तगीरकडे वळले. "वस्तादांचं घर कुठं?"

उचगावला, त्याच्या एम-एटी गाडीवर मागं बसून गेले. केरबा वस्ताद अंगणात पोतं टाकून बसले होते. पुढ्यात परात होती आणि ते तांदळातले खडे निवडत होते. मी बघतच राहिले. खडा दिसला की तेवढाच चिमटीत यायचा, तांदळाचा दाणा जागचा हलायचा नाही. मला बघून ते उठले नाहीत, पण आत तोंड करून म्हणाले, "पाणी आणा, पाव्हणी आलीया."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. खोलगट बेड, तांबेरा, नारळ, पॉलिश पेपर. तुमचा हात गेलेला नव्हता, माझी अक्कल गेली होती, असंही सांगितलं. माफी मागायची मला सवय नव्हती, त्यामुळे ती मी भांडणासारखीच मागितली. दस्तगीर उंबऱ्याशी उभा होता.

वस्तादांनी परात बाजूला सरकवली. "मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"पहिलाच हात मारताना कळलं. चकाशेजारी पाती बसती. हाताला कळतंय की ते."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"नोकरी मागायला आलेल्यानं मालकाच्या मशीनला नावं ठिवायची नसत्यात. त्यात हार घातलेला, उदबत्ती लावलेली." ते माझ्याकडे रोखून बघायला लागले. "आणि खरं सांगू? मी तोंड उघडलं हुतं. 'मालकीणबाई, जरा' एवढंच म्हणालो. तुम्ही कुणाला बोलू देतासा व्हय?"

मला ते आठवत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं. ते 'जरा' मला ऐकूसुद्धा आलं नव्हतं. आणि मग ओळीनं बाकीचे दहा चेहरे डोळ्यांपुढून गेले. त्यांतल्या किती जणांच्या हाताला कळलं असेल? किती जणांनी तोंड उघडलं असेल? खोट एका वीतभर जागेत होती, पण ती आम्हाला कळू नये याची तजवीज मी सगळ्या शॉपभर करून ठेवली होती.

"पण घरी येऊन ह्यांनी डबी दस्तगीरला दिली की," आतून पाणी घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं सुनावलं. "ठावं हुतं तर दिली का?"

वस्ताद मिशीवरून हात फिरवत राहिले. "रात सरताना माणसाला वाटतं की, आपणच आपला दोष मशीनवर ढकलतोय. लोक म्हणतील म्हातारा सबब सांगतोय. मग मला बी तसंच वाटाय लागलं."

"वस्ताद, कामावर या. बेड तुम्ही आणि दस्तगीर मिळून सरळ करा. पुढं लेथ तुमची. मी मध्ये बोलणार नाही."

"इथं सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "हात गेला हे तुम्ही माझ्या अंगणात म्हणाला न्हाईसा. शॉपमधी म्हणालासा, सा पोरांम्होरं. जिथं म्हणालासा तिथंच सांगा काय सांगायचं ते. मग बघतो."

"उद्या सकाळी आठला," मी म्हणाले.

रात्रभर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आठला वस्ताद धुतलेल्या कपड्यांत फाटकाबाहेर येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. मागं दस्तगीर. मी सगळी मशिनं बंद करायला लावली. इतक्या शांततेत मी त्या शॉपमध्ये कधी बोललेच नव्हते. आवाज खाली आणला तर तो फाटून जाईल असं वाटत होतं, पण खालीच आणला.

"गेल्या गुरुवारी मी केरबा वस्तादांना म्हणाले, हात गेला. ते चूक होतं. हात शाबूत आहे. खोट आपल्या मशीनमध्ये आहे आणि ती आपणच पाडली. दर खंडेनवमीला बेडवर नारळ फोडून. गेली दोन वर्षं मी फोडला. ज्या अकरा जणांना मी नापास केलं, त्यांतला एकही नापास नव्हता. आणि त्यांनी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. हे मी सगळ्यांसमोर सांगतेय."

सदा जमिनीकडे बघत होता. पॉलिश पेपर घासायचं काम दर वर्षी त्याच्याकडे असायचं. तो रडकुंडीला आलेला बघून मी म्हणाले, "तुझी चूक नाही रे. घास असं मीच सांगायची."

"सतरा वर्षं मी फोडला," मागून आवाज आला. अण्णा भिंतीला हात लावत लावत पुढं आले होते. "ती दोनच वर्षांचं सांगतीया. सतरा माझी. ती बी मोजा." मग ते चाचपडत लेथपाशी गेले आणि तिच्यावरचा हार त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. "केरबा, भाऊ, बाहेर का उभा? आत ये. काय करायचं तिचं ते कर."

केरबा वस्ताद आत आले. दस्तगीरनं डबी पुढं केली, त्यांनी ती घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली, जशी काही मधले दिवस नव्हतेच. लेथपाशी उकिडवे बसले, तळहात बेडवरून फिरवला आणि चकाशेजारची वीत बोटांनी चाचपली.

"आठ दिवस," मग ते म्हणाले. "हातानं खरवडून सारखं करावं लागंल. आठ दिवस हिला कुणी शिवायचं न्हाई. पूजेला बी न्हाई."

ते आठ दिवस नऊ झाले. चाळीस शाफ्ट महिना उलटून तीन दिवसांनी गेले. कंपनीच्या माणसानं उशिराबद्दल खूप ऐकवलं, मी ते खाली मान घालून ऐकलं, आणि मग मोजून झाल्यावर तो पुढच्या कामाचं बोलायला लागला. बाकीच्या दहा जणांच्या घरीही मी गेले. दोघं भेटले नाहीत, एकानं दार उघडलं नाही. ते सगळं नंतरचं. पण कारखान्याच्या नशिबाचा निकाल कधी लागला असं कुणी विचारलं तर मी त्या सकाळचंच नाव घेते.

त्या सकाळी वस्ताद बाह्या वर करत होते आणि मला धीर धरवेना. चाळीस शाफ्ट, वीस दिवसांतले उरलेले एकोणीस, सहा गडी, सगळं डोक्यात भणभणत होतं.

"वस्ताद," मी विचारलं, "म्हणजे कामावर आलात ना तुम्ही?"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"आधी मशीन पास हुंदे," ते म्हणाले. "मग मालकिणीचं बघू."